सांतोरिनी: छोट्या ग्रुपची गाईडेड टूर घ्यावी की आपलं आपण फिरावं?

निशिगंधा_पुणे | १२ मार्च २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,
बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

सप्टेंबरअखेर ग्रीसला जायचं घाटतंय. अथेन्सला चार दिवस आणि सांतोरिनीला तीन रात्री. आम्ही चौघं: मी, नवरा, नववीतली लेक आणि सासूबाई. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. साताऱ्याकडच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झाल्या. गुडघे कुरकुरतात, पण 'ज्वालामुखी फळ्यावर काढण्यात जन्म गेला, एकदा खरा दाखवा' हा हट्ट त्यांचाच, त्यामुळे बेट त्यांनी ठरवलं आणि बाकीचं माझ्या गळ्यात पडलं.

तर प्रश्न असा. बेटावर एक दिवसाच्या टूर तीन प्रकारच्या दिसतात. मोठ्या बसची, पन्नास जणांची, ती स्वस्त. छोट्या ग्रुपची, आठ ते पंधरा जण, मिनीव्हॅन, पाच-सहा तास, माणशी ९० ते १३० युरो. आणि खाजगी गाडी, तिचा आकडा बघून नवऱ्याने लॅपटॉप बंद केला. चौघांचे हिशोब केले तर छोट्या ग्रुपची टूरसुद्धा चाळीस हजारांच्या पुढे जाते. एका दिवसाचे! एवढे पैसे घालण्यासारखं त्यात काही आहे का? आपल्याकडच्या टूर कंपनीबरोबर जायचं नाही हे मात्र पक्कं. युरोपात एकदा गेलो होतो. शिट्टी वाजली की बसमध्ये, शिट्टी वाजली की खाली. पोहे उत्तम होते, बाकी काही आठवत नाही.

---

बिनधास्त_बाणेर | १२ मार्च, रात्री १०.१५

अजिबात घेऊ नका. बेट केवढं, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत एसटीने तासाभरात पोचाल. सरकारी नाही पण तशीच बससेवा आहे, केटेल म्हणतात. फिरा या मुख्य गावातून सगळीकडे बस सुटतात, तिकीट दोन-अडीच युरो. फक्त एक लक्षात ठेवा, कुठूनही कुठेही जायचं तर फिराला येऊन बस बदलावी लागते.

मी एकटा चार दिवस होतो. फिरा ते उत्तर टोकाचं ईया गाव कड्यावरून चालत गेलो, साधारण १० किलोमीटर, निवांत साडेतीन तास. डाव्या हाताला सतत समुद्र. हे कुठल्याही टूरमध्ये मिळणार नाही. ते १३० युरो जेवणावर उडवा.

---

हळूचालक | १२ मार्च, रात्री १०.३२

गावाचं नावच 'फिरा' असताना टूर कशाला लागते? हलके घ्या.

---

लंडनची_सुमा | १३ मार्च, पहाटे २.०५

बिनधास्त, ७१ वर्षांच्या काकूंना कड्यावरून १० किलोमीटर चालवणार का तुम्ही?

निशिगंधा, मी दोन वर्षांपूर्वी नेमकी अशीच 'छोट्या ग्रुपची गाईडेड टूर' घेतली होती. कंपनीचं नाव घेत नाही. गाडी छान, माणसं दहाच, चालक हसतमुख आणि इंग्रजी फर्डं. रस्ताभर बोलत होता. अक्रोतिरीच्या, म्हणजे राखेखाली गाडलेल्या प्राचीन गावाच्या, उत्खननापाशी गाडी थांबवली आणि म्हणाला, 'एक तास, तिकीट तिथे मिळेल, मी इथेच उभा आहे.' आम्ही आत गेलो. मातीच्या भिंती, दगडी जिने, मोठमोठे रांजण. शेजारच्या ग्रुपला एक बाई काहीतरी रंगवून सांगत होत्या आणि आम्ही दहा जण लग्नात न ओळखणाऱ्या पाहुण्यांसारखे कडेकडेने फिरत होतो. वीस मिनिटांत बाहेर. नंतर वाईनच्या ठिकाणी दीड तास, ईयात फोटोला दीड तास. 'गाईडेड' या शब्दाचे पैसे कशाचे घेतले ते आजतागायत कळलं नाही.

---

दर्या_दूर | १३ मार्च, सकाळी ८.२०

सुमाताईंच्या चालकाने आळस केला असं समजू नका. त्याने आत येऊन माहिती सांगितली असती तर त्यालाच दंड झाला असता.

मी मर्चंट नेव्हीतला. कंपनीचं ऑफिस अथेन्सच्या बंदरात, पायरेअसला होतं, त्यामुळे सहा वर्षं अथेन्सला बिऱ्हाड केलं. ग्रीसमध्ये पुरातत्त्वाच्या जागी आणि संग्रहालयात माहिती सांगण्याचा हक्क फक्त परवानाधारक गाईडला असतो. त्यासाठी शिक्षण आहे, परीक्षा आहे, ओळखपत्र आहे. चालक हा चालक. त्याने स्टिअरिंगवर बसून कितीही गप्पा मारल्या तरी फाटकाच्या आत तो तुमच्यासारखाच प्रवासी. छोट्या ग्रुपच्या अनेक टूर 'चालक हाच गाईड' अशा असतात आणि जाहिरातीत शब्द मात्र एकच, गाईडेड.

म्हणून निशिगंधाताई, बुकिंगआधी ईमेल करून हे विचारा. परवानाधारक गाईड आहे का आणि अक्रोतिरीच्या आत बरोबर येणार का? अक्रोतिरीचं तिकीट धरून पैसे सांगताय की वेगळे? ईयाला सकाळी नेणार की दुपारनंतर? आणि ग्रुप 'जास्तीत जास्त' किती जणांचा? 'छोटा ग्रुप' म्हणजे काहींच्या लेखी पंचवीस असतात. उत्तर गुळमुळीत आलं की सोडून द्या.

ईयाच्या वेळेचं कारण सांगतो. क्रूझची जहाजं सकाळी कॅल्डेरात, म्हणजे बेटाच्या कुशीतल्या खोल समुद्रात येतात. सांतोरिनीला क्रूझची मोठी जहाजं धक्क्याला लागत नाहीत, माणसं लहान बोटींनी किनाऱ्यावर आणतात. आता रोज आठ हजार क्रूझ प्रवाशांची मर्यादा घातली आहे, पण आठ हजार म्हणजेसुद्धा काय! गावाची एकेक गल्ली आपल्या तुळशीबागेतल्या बोळाएवढी. त्या लोकांच्या मोठ्या बसेस बहुतेक सकाळी आधी ईया गाठतात. त्यामुळे चांगला गाईड उलट्या दिशेने निघतो: सकाळी दक्षिण टोक, संध्याकाळी उत्तर.

राहण्याचं: कॅल्डेराच्या कड्यावरचं हॉटेल फोटोत सुंदर, पण खोलीला पोचायला पन्नास-शंभर पायऱ्या सहज उतराव्या लागतात. सासूबाई आहेत तर कामारीला राहा. सपाट, समुद्रकाठ, विमानतळ जवळ आणि निम्म्या पैशात.

---

निशिगंधा_पुणे | १३ मार्च, सकाळी ९.०५

बाप रे, ही परवान्याची भानगड माहीतच नव्हती. दर्याकाका, खूप आभार. ही चार वाक्यं इंग्रजीत करून आजच पाठवते.

---

खडकफोड्या | १३ मार्च, दुपारी १.३०

भूगर्भशास्त्र शिकलो आणि बँकेत चिकटलो, त्यामुळे असा धागा दिसला की हात शिवशिवतात. सासूबाईंसाठी लिहितोय.

सांतोरिनी म्हणजे ज्वालामुखीचं समुद्रात बुडालेलं तोंड. चंद्रकोरीसारखं दिसतं ते थिरा बेट म्हणजे त्याचा काठ, समोरचं थिरासिया हा काठाचाच दुसरा तुकडा. मधली खोलगट जागा सुमारे १२ बाय ७ किलोमीटर, आणि कडे पाण्यापासून तीनशे मीटरपर्यंत उभे. हे मुख्यतः इसवीसनपूर्व १६०० च्या आसपास झालेल्या महास्फोटाचं काम. मधोमध काळी बेटं आहेत, निआ कामेनी आणि पालिआ कामेनी, ती नंतर लाव्हा साठून वर आली. निआ कामेनीचा शेवटचा उद्रेक १९५० चा.

आपल्या मंडळींना गंमत वाटेल ती अशी. कड्यात आडवे थर दिसतात तेव्हा एकदम सह्याद्रीची आठवण होते. पण आपला दख्खनचा लाव्हा भेगांतून पसरट वाहिला, थरावर थर, उतू गेलेल्या दुधासारखा. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट. सांतोरिनीचा मात्र कुकरसारखा फुटला. म्हणून तिथे आपल्यासारखा घट्ट काळा पाषाण थोडा आणि राख आणि प्युमिस, म्हणजे फेसासारखा हलका सच्छिद्र दगड, जास्त. हे प्युमिस आणि राख खणून एकोणिसाव्या शतकात सुएझ कालव्याच्या बांधकामाला नेली, चुन्यात मिसळली की पाण्याखालीही घट्ट धरते. आणि त्या खाणी खणतानाच गाडलेल्या जुन्या घरांचे पहिले पुरावे हाती लागले.

फिराच्या प्रागैतिहासिक संग्रहालयात निळ्या माकडांचं भित्तिचित्र आहे, ते चुकवू नका. २०१९ मध्ये काही संशोधकांनी शेपटीच्या ठेवणीवरून असं मांडलं की ही आफ्रिकेतली माकडं नसून भारतीय उपखंडातली वानरं आहेत, आपली काळ्या तोंडाची. म्हणजे साडेतीन हजार वर्षांपूर्वी एजियन समुद्राकाठच्या कुणा चित्रकाराने ती पाहिली असतील किंवा पाहिलेल्याकडून ऐकली असतील. सगळ्यांना हे मान्य आहे असं नाही. सासूबाईंनी स्वतः बघून निकाल द्यावा.

---

मीठमिरची | १३ मार्च, दुपारी ३.५०

खाण्याचं कोणीच बोललं नाही म्हणून आले.

शाकाहारी असाल तर सांतोरिनीला चंगळ आहे. 'फावा' मागवा. नावावरून वालासारखं काही वाटेल, पण ही पिवळ्या डाळीची घट्ट, घोटलेली आमटीच, वर कच्चा कांदा, ऑलिव्ह तेल, लिंबू. ज्या झाडाची ही डाळ ते आमच्या विदर्भातल्या लाखोळीच्या कुळातलं, लॅथिरस. मी नागपूरची, पहिल्या घासालाच आजीची आठवण आली. आपल्याकडे लाखोळीला लोक नाकं मुरडतात आणि तिकडे तिला युरोपियन युनियनचं भौगोलिक संरक्षण मिळालंय, मेन्यू कार्डावर मानाने छापतात!

दुसरं म्हणजे टोमॅटोची भजी. 'तोमातोकेफ्तेदेस' म्हणायचं, जमलं नाही तर बोट दाखवा. तिथले टोमॅटो बोराएवढे, पाऊस जवळजवळ नाही म्हणून चव आटून आत बसलेली. पांढरं वांगंही मिळतं, बिया कमी आणि कडू नाही.

नळाचं पाणी पिऊ नका, समुद्राचं गोडं केलेलं असतं, सगळे बाटलीचंच पितात.

---

निशिगंधा_पुणे | १४ मार्च, सकाळी ११.१०

सगळ्यांचे प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवले. खडकफोड्या यांचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचायला लावला आणि मग गप्प बसल्या. त्या गप्प बसल्या म्हणजे काहीतरी आहे, पण काय ते सांगितलं नाही.

एक भीती आहे. फेब्रुवारीत तिथे भूकंपांची रांग लागली होती ना? बातम्यांत बोटी भरभरून लोक जाताना दाखवत होते. आत्ता बुकिंग करणं शहाणपणाचं आहे का?

---

दर्या_दूर | १४ मार्च, रात्री ८.४५

प्रश्न रास्त आहे. जानेवारीच्या अखेरीपासून सांतोरिनी आणि शेजारच्या अमोर्गोस बेटाच्या मध्ये हजारो धक्के बसले, दहा हजारांवर लोक बेट सोडून गेले, शाळा बंद, आणीबाणी जाहीर. आता धक्के बरेच ओसरलेत, लोक परततायत. तिथल्या जुन्या लोकांच्या मनात मात्र १९५६ आहे. त्या वर्षी ९ जुलैला मोठा भूकंप झाला, पन्नासवर माणसं गेली, ईया तर निम्मं जमीनदोस्त झालं आणि पुष्कळ कुटुंबं कायमची अथेन्सला निघून गेली. तुम्ही आज फोटोत पाहता त्या गुहेतल्या खोल्या म्हणजे गरिबांची घरं होती, राखेच्या मऊ खडकात कोरलेली. जहाजांचे कप्तान वर वाड्यात राहायचे. भूकंपानंतर ओस पडलेल्या त्या गुहा सत्तरच्या दशकात दुरुस्त करायला घेतल्या आणि आज त्याच सगळ्यात महाग.

सप्टेंबरचं बुकिंग रद्द करता येईल असंच करा. टूरसुद्धा, चोवीस तास आधी रद्द केल्यास पैसे परत अशीच घ्या. शेंगेन व्हिसासाठी तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच, तो घेताना नैसर्गिक आपत्तीने प्रवास मोडला तर काय मिळतं ते बारीक अक्षरांत वाचा.

---

बिनधास्त_बाणेर | १४ मार्च, रात्री ९.३०

निआ कामेनीच्या बोटीचं कोणी सांगितलं नाही. विवरापर्यंत चढता येतं, मग 'गरम पाण्याचे झरे'.

---

दर्या_दूर | १४ मार्च, रात्री ९.५५

चढण सैल खडीची आहे, सावली शून्य, आणि झऱ्यांपर्यंत बोट जात नाही, बोटीतून उडी मारून पोहत जावं लागतं. पाणी कोमट आणि लोखंडामुळे गढूळ तांबूस, पांढरे कपडे गेलेच समजा. उन्हवऱ्याचं कुंड पाहिलेल्या माणसाने 'गरम' या शब्दावर जाऊ नये. लेक आणि बाबांनी जावं. सासूबाईंनी कड्यावरून बघावं.

---

हळूचालक | १४ मार्च, रात्री १०.४०

आणि ईयात निळ्या घुमटांपुढे उडता झगा घालून फोटो काढायचा असेल तर तो झगा तिथे भाड्याने मिळतो. माझ्या मेव्हणीने काढला. वाऱ्याने झगा उडाला आणि घुमट दिसेनासा झाला.

---

निशिगंधा_पुणे | १९ ऑक्टोबर २०२५, दुपारी ४.००

धागा वर काढतेय. जाऊन आलो! मार्चमध्ये इतकं भरभरून सांगितलंत, तेव्हा वृत्तांत द्यायलाच हवा.

दर्याकाकांचे प्रश्न पाच ठिकाणी पाठवले होते. दोघांनी उत्तरच दिलं नाही. एकाने लिहिलं, 'आमचे चालक अतिशय माहितगार आहेत' (कळलं!). एकाकडे पंचवीसचा ग्रुप. पाचवी मिळाली ती बेटावरच राहणारी परवानाधारक गाईड, बरोबर वेगळा चालक, जास्तीत जास्त बारा माणसं, माणशी ११० युरो आणि तिकिटं वेगळी. आम्ही अकरा जण होतो: आम्ही चौघं, कॅनडाचं म्हातारं जोडपं, तीन जर्मन मैत्रिणी आणि एक ब्राझिलचं नवविवाहित जोडपं जे दिवसभर एकमेकांखेरीज काही बघत नव्हतं.

साडेआठला कामारीहून उचललं आणि थेट दक्षिणेला अक्रोतिरी. इथेच माझे ११० युरो वसूल झाले, म्हणून इथलं जरा सविस्तर लिहिते.

वर एक भलंमोठं छप्पर आहे आणि त्याखाली अख्खं गाव. लाकडी वाट सपाट, कुठे कुठे उतार, सासूबाईंना काठीचीही गरज लागली नाही. सुमा, तू म्हणालीस तशा नुसत्या मातीच्या भिंतीच दिसतात, पण कोणी बोट धरून दाखवलं की भिंतीचं घर होतं. गाईड आम्हाला एका घरापुढे घेऊन गेली. वरच्या मजल्यावर शौचालय, त्याची मातीची नळी भिंतीतून खाली, आणि ती रस्त्याखालच्या गटाराला जोडलेली. साडेतीन हजार वर्षांपूर्वी! सासूबाई म्हणाल्या, 'आमच्या गावात १९८५ ला आलं.' मी भाषांतर केलं तेव्हा गाईड इतकी हसली की बाजूचे ग्रुप बघायला लागले.

मग तिने जे सांगितलं त्याने लेक एकदम गप्प झाली. ज्वालामुखीने गाडलेल्या इटलीतल्या पाँपेईसारखे मृतदेह इथे एकही सापडले नाहीत. आधी भूकंप झाला, लोक बाहेर पडले, मग काही जण परत आले. पडलेले दगड बाजूला करून ढीग घातले, धान्याचे रांजण सुरक्षित जागी हलवले, खाटा बाहेर काढल्या. डागडुजी चालू असतानाच पुन्हा काहीतरी कळलं असावं आणि सगळे निघून गेले. मग राख पडली. लाकडी खाटा राखेत कुजून गेल्या, पण त्यांच्या आकाराची पोकळी राहिली. उत्खनन करणाऱ्यांनी त्यात प्लॅस्टर ओतलं आणि खाटेचा साचा जशाच्या तसा निघाला. गाईड म्हणाली, 'यंदा फेब्रुवारीत मी माझ्या आईला घेऊन बोटीत चढले तेव्हा घराला कुलूप लावताना मला या खाटा आठवल्या.' हे वाक्य चालकाने सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण खाटांपुढे उभं राहून ऐकायला तीच हवी होती.

उत्खनन १९६७ ला स्पिरिदोन मारिनातोस यांनी सुरू केलं आणि १९७४ मध्ये ते याच जागी, कामावर असताना वारले. त्यांच्यानंतर ख्रिस्तोस दूमास यांनी कितीतरी दशकं काम पुढे नेलं. अजून गावाचा थोडासाच भाग उघडलाय. २००५ मध्ये तेव्हाचं नवं छप्पर कोसळलं होतं, त्यानंतर जागा २०१२ पर्यंत बंदच होती. नवऱ्याने लगेच वर बघितलं. सिव्हिल इंजिनिअर आहे, पुढचा अर्धा तास तो छपराच्या जोडण्याच बघत होता.

लाल किनारा लांबूनच पाहिला. दरड कोसळते म्हणून खाली जाऊ नका अशी पाटी आहे आणि पाटी ओलांडून माणसांची रांग चालली होती. आमच्या गाईडने नेलं नाही, मला ते आवडलं.

मग मेगालोहोरी. तिथे काय आहे? काही नाही. पांढऱ्या भिंती, एक चौक, रस्त्यावर कमान टाकून उभारलेला घंटेचा मनोरा, मांजरं. मला सगळ्यात जास्त हेच आवडलं.

द्राक्षमळा बघून मात्र आम्ही चाट पडलो. नाशिकला मांडवावरची, तारांवरची द्राक्षं बघितलेली. इथे वेल जमिनीलगत गोल गोल वळवून टोपली विणलेली आणि द्राक्षं टोपलीच्या आत! वारा इतका की वर वाढलेली वेल टिकणार नाही, आणि पाऊस नसल्याने रात्रीची समुद्रावरची दमट हवा हेच पाणी. युरोपभरच्या द्राक्षमळ्यांची वाट लावणारी फिलॉक्सेरा कीड या राखेच्या मातीत तग धरू शकली नाही, त्यामुळे मुळं फार फार जुनी आहेत. चव घेण्यात एक तास गेला. हा तास मला लांबला, पण जर्मन मैत्रिणींना कमी पडला. सासूबाईंनी उन्हात वाळवलेल्या द्राक्षांची ती गोड विनसांतो 'खोकल्याच्या औषधाइतकी' घेतली. नंतर आणखी एकदा खोकला आला.

जेवण पिर्गोसला. मीठमिरची, फावा खाल्ली! तुझी आजी आठवली. म्हणजे मी भेटलेही नाही तिला, तरी.

पिर्गोसहून प्रोफितिस इलियासला, बेटाचं सर्वात उंच ठिकाण, ५६५ मीटरच्या आसपास. एकीकडे पूर्ण कॅल्डेरा, दुसरीकडे कामारीचा काळा किनारा. सासूबाई तिथे कठड्याला धरून वीस मिनिटं उभ्या होत्या. कोणाशी बोलल्या नाहीत. ग्रुप गाडीत बसला होता तरी गाईडने हाक मारली नाही. पन्नास जणांच्या बसमध्ये हे झालं असतं का?

शेवटी ईया, दुपारी साडेचारला. गर्दी होती, पण दर्याकाका म्हणाले तशी क्रूझची मंडळी बहुतेक परत निघाली होती. ईयाबद्दल मी फार लिहीत नाही, फोटो सगळ्यांनी पाहिलेत आणि ते खरंच तसंच आहे. फक्त घरांच्या छपरांवर चढू नका, खाली माणसं राहतात. सूर्यास्तासाठी लोक दीड तास आधीपासून किल्ल्यावर जागा धरून बसले होते, गणपतीत लक्ष्मी रोडवर बसतात तसे. आम्ही थांबलो नाही. टूरच्या वेळेत ते बसतही नव्हतं. दुसऱ्या दिवशी इमेरोविग्लीहून पाहिला, बाकावर बसून, चिप्स खात.

तक्रार एकच. संग्रहालय टूरमध्ये नव्हतं. तिसऱ्या दिवशी आम्ही बसने (बिनधास्त, बघा!) फिराला गेलो. जुन्या बंदराच्या पाचशे ऐंशीवर पायऱ्यांपुढे खेचरं उभी होती, लेकीने विचारलं तेव्हा कळलं की २०१८ पासून शंभर किलोवर ओझं लादायला बंदी आहे. आम्ही केबल कारने खालीवर केलं, तीन मिनिटांचं काम, पण क्रूझच्या वेळेत रांग तासाची असते.

---

लंडनची_सुमा | १९ ऑक्टोबर, रात्री ११.२०

वाचताना जळफळाट झाला, खोटं कशाला बोलू. तेच गाव, तेच रांजण, आणि मी वीस मिनिटांत बाहेर आले होते. परत जावं लागणार.

---

मीठमिरची | २० ऑक्टोबर, सकाळी ७.१५

डाळ आणलीस की नाही??

---

निशिगंधा_पुणे | २० ऑक्टोबर, सकाळी ९.३०

दोन किलो. विमानतळावर बॅगेचं वजन भरलं तेव्हा नवऱ्याने स्वतःचे बूट पायात घालून चपला टाकून दिल्या, डाळ नाही टाकू दिली मी. कांदा-लसणाची फोडणी दिली तर चालेल ना?

---

मीठमिरची | २० ऑक्टोबर, सकाळी ९.४१

धावेल. हळद मात्र नको घालूस, रंग तिचा तिलाच आहे.

---

खडकफोड्या | २० ऑक्टोबर, सकाळी १०.२०

सुंदर वृत्तांत. पण मुख्य गोष्ट राहिली. माकडांचं काय झालं? बाईंचा निकाल?

---

निशिगंधा_पुणे | २० ऑक्टोबर, संध्याकाळी ६.५०

चित्रापुढे पंधरा मिनिटं उभ्या होत्या. म्हणाल्या, 'शेपूट वर धरून चालतात ती आपलीच. सज्जनगडावर येऊन बघा म्हणावं.' मग थोड्या वेळाने, 'पण निळी का?' याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

आणि मार्चमध्ये त्या गप्प का झाल्या होत्या ते आज कळलं. तुमचा प्रतिसाद त्यांना खटकला होता, पण प्रत्यक्ष बघितल्याशिवाय बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. आता सांगतायत तसं लिहिते: 'त्या मुलाला सांग, तोंड म्हणजे क्रेटर. ते मधल्या काळ्या बेटावर आहे, लहानसं. हा कॅल्डेरा. आतला शिलारस निघून गेला, पोट रिकामं झालं आणि वरचं छप्पर खचलं. तोंड बुडालं नाही, पोट खचलं. नववीला होतं हे.'

---

खडकफोड्या | २० ऑक्टोबर, संध्याकाळी ७.०२

बाई, चूक मान्य. दहा वेळा लिहून आणतो. वही कुठे जमा करायची?